न बोललेल्या हाडांची कादंबरी

माझ्या वर्गात बसून गेलेली एक मुलगी कादंबरी लिहीत आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली, पिशवीतून दोन जाड वह्या काढून पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाली, "सर, मी भुताची कादंबरी लिहायलेय. आपल्या माणसांनी तसली लिहिली तर चालंल का?"

मी ताबडतोब म्हणालो, "नाही चालणार."

माझ्याजवळ कारणे तयार होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध आणि पिंडदान नाकारलेले आहे. पिंडच नाही तर पिंडासाठी घुटमळणारा आत्मा कुठून आणायचा? शिवाय मराठवाड्यात भूत हा करमणुकीचा विषय कधीच नव्हता. गावात कुणाची म्हैस आटली, कुणाची सून घुमू लागली की भानामतीचा संशय मांगवाड्याकडे, महारवाड्याकडे वळायचा. भानामती केली म्हणून माणसाला झाडाला बांधून मारल्याच्या, मंत्र उच्चारता येऊ नये म्हणून त्याचे दात पाडल्याच्या घटना आपल्याकडे आणि लगतच्या तेलंगणात घडलेल्या आहेत. हिंगोली तेव्हा ज्या परभणी जिल्ह्यात होती, त्याच जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या लोभाने मुली आणि बाया मारल्या गेल्या. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून त्याच वर्षी २० ऑगस्टला झाला. एवढे सगळे डोळ्यांसमोर असताना आमच्या पोरीने भुताची कादंबरी लिहावी, हे मला पटणे शक्य नव्हते.

तिने वाद घातला नाही. वह्या पिशवीत परत घालता घालता एवढेच विचारले, "मग मुक्ताबाईनं लिहिलं ते काय होतं, सर?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. आज जे लिहितो आहे ते त्या उत्तराची जुळवाजुळव आहे. कादंबरी अजून प्रसिद्ध व्हायची आहे. तिच्याविषयी मला जे ठाऊक आहे ते दोन वाक्यांपुरतेच: एका गढीच्या पायात पुरलेली माणसे रात्री बोलू लागतात आणि त्यांचे बोलणे गावात फक्त वेसकराच्या पोरीला ऐकू येते. यापुढचे तिने सांगितले नाही. आजची पोरे अशा लेखनाला 'डार्क फँटसी' म्हणतात. त्यात जग अद्भुत असते, पण त्या अद्भुतात दिलासा नसतो. राजपुत्र येऊन सोडवील अशी हमी नसते. नाव नवे आहे. वस्तू नवी आहे काय, हे पाहायला मी इतिहासाकडे गेलो.

मुक्ताबाई म्हणजे जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत तीन वर्षे शिकलेली मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. १८५५ साली तिचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. आपण तो जयंतीच्या भाषणांत पुष्कळदा आठवतो, पण त्यातल्या एका गोष्टीवरून घाईने पुढे जातो. मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरले जात असे, असे मुक्ताबाईने त्यात स्पष्ट लिहिले आहे. बुरूज उभा राहत नाही, वाडा टिकत नाही, म्हणून पायात जिवंत माणूस घालायचा, आणि तो माणूस आमच्यातला. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या आणि गढ्यांच्या दंतकथांत हे सांगितले जाते. दंतकथा सांगणारा वर उभा राहून सांगतो. मुक्ताबाईने पायातून सांगितले.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ज्या पुस्तकाचा उल्लेख होतो ते बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे. म्हणजे मराठी कादंबरी जन्माला येण्याच्या दोन वर्षे आधी एका मांगाच्या पोरीने मराठी वाङ्मयातले सर्वांत भयंकर दृश्य लिहून ठेवले होते. पुढे कादंबरीकारांनी त्याचे काय केले? १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली, आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांग लागली. सुंदर नायिका, कपटी खलपुरुष, संकटांची मालिका आणि अखेर सज्जनांचा जय. ज्या वाड्यांत आणि महालांत या गोष्टी घडतात, त्यांचा पाया मात्र कुणी उकरून पाहिला नाही.

विसाव्या शतकात नारायण धारप यांनी भयकथेला मराठीत घराघरांत नेले. त्यांच्या हातखंड्याविषयी मला शंका नाही. विद्यार्थिदशेत त्यांची पुस्तके मी चिमणीच्या उजेडात वाचली आहेत. पण वाचताना एक गोष्ट लक्षात यायची. या कथांतले घर वाचणाऱ्याचे असायचे आणि अमंगळ बाहेरून यायचे. मी ज्या बाजूला जन्मलो होतो ती 'बाहेर'ची बाजू होती. घराला वारस असावा, माडी असावी, माडीवर बंद खोली असावी, तेव्हा ती खोली झपाटली जाणार. आमच्या एकखणी झोपडीत भुताला वेगळी खोली द्यायची म्हटली तर आम्ही झोपायचे कुठे? २०१८ साली 'तुंबाड' चित्रपट आला आणि अलीकडे पुन्हा गाजला. त्याने एक पाऊल पुढे टाकले हे मान्य केले पाहिजे. वाड्यातला राक्षस हा वाड्याच्या मालकांच्या हावेतूनच जिवंत राहतो, एवढे त्याने दाखवले. पण तिथेही हाव वाड्याची आणि शिक्षाही वाड्याची. त्या वाड्याचे दगड ज्यांनी वाहिले ते कुठे आहेत?

आता अंधाराविषयी थोडे बोलू. पांढरपेशा भयकथेत अंधार ही जायची नसलेली जागा असते. आमच्या वाडवडिलांची ती कामाची जागा होती. गावात मयत झाले की पंचक्रोशीत सांगावा घेऊन महाराने निघायचे, मग अमावास्या असो की आषाढातला पाऊस. मसणवाट्याची लाकडे त्याने फोडायची, मेलेले ढोर त्याने ओढायचे, रात्रभर वेशीवर त्याने जागायचे. माझे आजोबा वेसकर होते. लहानपणी मी त्यांना विचारले होते, "आबा, तुम्हाला कधी भूत भेटलं का?" आजोबा म्हणाले, "लई येळा. समदी जित्ती व्हती."

हे मी थट्टेने सांगत नाही. हिंगोलीच्या इतिहासातच याचा पुरावा आहे. निजामाच्या राज्यात हिंगोली ही फौजेची छावणी होती. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. १८२९ च्या सुमारास या छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी मेडोज टेलर याने लिहून ठेवले आहे की त्याचा स्वतःचाही या व्यापाऱ्याशी व्यवहार होता. या व्यापाऱ्याने मुंबईहून कापड आणण्यासाठी साहेबाकडून रीतसर परवाना घेतला. कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते आणि ते वाटेवर आहे हे त्याला माहीत होते. त्याने त्या मालकाला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना मारले, परवाना दाखवून माल छावणीत आणला आणि उघड्यावर विकला. तो ठगांचा म्होरक्या होता. छावणीच्या बाजारातच, मुख्य चौकीपासून शंभर वारांवर त्याच्या टोळीने माणसे मारली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे वारांवर पुरली होती. पुढे माफीच्या साक्षीदारांनी दाखवलेले खड्डे उकरले गेले तेव्हा टेलर हजर होता.

याच टेलरने १८३९ मध्ये लंडनहून 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिने विलायतेत खळबळ उडवली. हिंगोलीच्या मातीतून निघालेली ही काळोखाची पहिली कादंबरी म्हणायला हरकत नाही. पण या कादंबरीने आणि तिच्या मागोमाग आलेल्या लेखनाने वाचकाच्या मनात काय ठसवले? रुमाल, भवानी, शकुन-अपशकुन, गूढ हिंदुस्थान. परवाना मागे पडला. मला विचाराल तर या प्रकरणातली अंगावर काटा आणणारी वस्तू रुमाल नाही, परवाना आहे. प्रतिष्ठा, सरकारी कागद आणि चौकीच्या शंभर वारांतले प्रेत ही तिन्ही एकत्र कशी नांदली, हा प्रश्न आहे. तो विचारला असता तर व्यवस्थेला उत्तर द्यावे लागले असते. गूढ पुढे केले की व्यवस्था सुटते. मग 'जन्मजात गुन्हेगार' शोधणे सोपे होते. ठगांच्या बंदोबस्तात रुळलेली ही नजर पुढे भटक्या जमातींवर रोखली गेली. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पारधी, कैकाडी, उचल्या अशा जमातींच्या पोरांच्या कपाळावर पाळण्यातच शिक्का बसू लागला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. नजर अजून रद्द व्हायची आहे. बैल हाकणारे जे त्या वाटेवर मेले, त्यांची नावे ना कादंबरीत आली ना कायद्यात.

म्हणजे अद्भुत दोन कामे करू शकते. ते मढे झाकू शकते आणि उघडेही करू शकते. हा भेद कळण्यासाठी मला आणखी एक जुनी गोष्ट नव्याने वाचावी लागली, आणि तीही हिंगोली जिल्ह्याशी जोडलेली आहे. नामदेवांचे गाव म्हणून ओळखली जाणारी नरसी इथेच आहे. औंढ्याच्या देवळात नामदेवांना समोरून उठवले तेव्हा देऊळच फिरले, ही कथा आपल्याकडे पोरासोरांना पाठ असते. पण मी म्हणतो ती गोष्ट चोखोबांची.

मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचे काम चालू होते. चोखोबा त्या कामावर होते. भिंत कोसळली आणि मजूर दगडमातीखाली गाडले गेले. हे १३३८ साल. नामदेव मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात अनेकांची हाडे मिसळलेली. त्यांतली चोखोबांची कोणती? ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, अशी कथा आहे. ती हाडे नामदेवांनी पंढरपूरला नेली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली.

ही गोष्ट कीर्तनात ऐकताना लोकांचे डोळे भरून येतात. माझ्या आईचेही यायचे. मढ्याची हाडे बोलतात, रात्रंदिवस नामघोष करतात. यापेक्षा काळे अद्भुत दुसरे कोणते? पण गोष्ट सांगून झाल्यावर काय उरते ते पाहा. जिवंतपणी ज्याला देवळात शिरता आले नाही, त्याची हाडेही दाराबाहेरच राहिली, आणि आपण मात्र चमत्काराने समाधान पावलो. भिंत का पडली, हे कुणी विचारले नाही. ज्या गावकुसाच्या बाहेर त्याला राहायचे होते तेच गावकूस त्याच्या हातून बांधून घेतले जात होते, हे कुणाला खटकले नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: ज्या हाडांतून नाम ऐकू आले नाही, त्या इतर मजुरांचे काय झाले? ती हाडे ढिगाऱ्यातच राहिली. त्यांना चमत्कार करता आला नाही, म्हणून त्यांना इतिहासही मिळाला नाही.

ती मुलगी जी कादंबरी लिहीत आहे ती या न बोललेल्या हाडांची आहे, असे मी समजतो.

अद्भुताला असे उलटे फिरवण्याची आपली परंपराही आहे, हे मी विसरलो होतो. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा त्यांनी पुराणे नुसती खोटी म्हणून टाकून दिली नाहीत. मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन या एकेका अवताराला त्यांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. राक्षस म्हणजे रक्षक, म्हसोबा म्हणजे बळीच्या राज्यातला महासुभा, असे त्यांनी अर्थ लावले. त्यातली प्रत्येक व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्राला मान्य होईल असे नाही. पण त्यांची दिशा पाहा. जो राक्षस म्हणून जाळला जातो त्याच्या बाजूने कथा सांगून पाहा, म्हणजे जाळणारा कोण ते दिसते. हिंगोलीचा दसरा प्रसिद्ध आहे. मैदानात रावण पेटतो तेव्हा हजारो माणसे टाळ्या वाजवतात. त्या गर्दीत उभे राहून रक्षक हा शब्द आठवणाऱ्या पोराला जे दिसते ते बाकीच्यांना दिसत नाही.

'गुलामगिरी' हा ग्रंथ जोतीरावांनी अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला होता. त्याच अमेरिकेत १८५६ साली मार्गारेट गार्नर ही स्त्री मालकाच्या तावडीतून पळाली. पकडणारे दारात आले तेव्हा आपल्या पोरीला पुन्हा गुलाम होऊ देण्यापेक्षा तिने तिला स्वतःच्या हाताने मारले. या घटनेवरून टोनी मॉरिसन यांनी १९८७ मध्ये 'बिलव्हेड' ही कादंबरी लिहिली. त्यात ती मेलेली मुलगी देह घेऊन घरी परत येते. ही भुताची कादंबरी आहे आणि ती अंधश्रद्धेची कादंबरी नाही. कोर्टाच्या कागदांत, मालकाच्या हिशेबवहीत जे मावले नाही ते सांगायला मॉरिसन यांना भूत लागले. १९७२ मध्ये आपल्या पँथरने नाव घेतले तेही तिकडच्या काळ्या पँथरांवरून. कविता आपण त्यांच्या कवितेशेजारी ठेवून वाचली. कादंबरीच्या बाबतीत मात्र आपण अद्भुताच्या दारापाशी थांबलो.

का थांबलो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपल्याकडे सांगण्यासारखे वास्तवच इतके होते की कल्पनेची सवड नव्हती. अण्णा भाऊंची 'फकिरा' १९५९ ची, बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चा, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' १९८० चे. या लेखकांनी जे मांडले त्यावर प्रस्थापित वाचकाचा पहिला सवाल असायचा: हे खरे आहे का? अशा वेळी आपण कल्पना केली असती तर सगळेच खोटे ठरवले गेले असते. म्हणून आपण साक्ष दिली. ती द्यायलाच हवी होती.

पण साक्षीला एक मर्यादा असते. जो वाचला तोच साक्ष देऊ शकतो. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना मारण्यात आले. आमची वस्ती कित्येक रात्री ओढ्याच्या काठाला झोपली. पावसाळी अंधार, अंगावर पोती. मी भुताच्या भीतीने आईला चिकटलो होतो. आई कानात म्हणाली, "अंधाराला भिऊ नको. बॅटरीचा उजेड दिसला तर भी." चौदा जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, पेढे वाटले. मी माझी त्या रात्रीची गोष्ट सांगू शकतो, कारण बॅटरीचा उजेड आमच्यापर्यंत पोचला नाही. ज्यांच्यापर्यंत पोचला, त्यांची गोष्ट कोण सांगणार? आत्मचरित्र त्यांना लिहिता येत नाही. मेलेल्या माणसाला बोलते करायचे तर कादंबरीच हवी, आणि तीही अशी की जिला मेलेला माणूस बोलू शकतो हे मान्य आहे.

इथे विवेकवादी मित्र मला अडवतील. कादंबरीत भूत मान्य केले की बाहेर भगत मान्य होतो, असे ते म्हणतील. हा धोका खरा आहे, आणि म्हणून माझी एक अट आहे. कादंबरीतले भूत अंगारा मागणारे नसावे. त्याने कोंबडे मागू नये, शांती मागू नये, हिशेब मागावा. आपण कसे मेलो आणि कुणी मारले, हे त्याने बोट दाखवून सांगावे. भगताचे भूत नेहमी दुबळ्याकडे बोट दाखवते: विधवेकडे, मांगिणीकडे, म्हातारीकडे. आमच्या कादंबरीतले भूत गढीकडे बोट दाखवील. जे भूत परवाना देणाऱ्याचे नाव घेईल त्याला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही.

गेल्या महिन्यात त्या मुलीला फोन केला. म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं बाई. मुक्ताबाईनं लिहिलं ती साक्षही होती आणि तुझ्या कादंबरीचं पहिलं पानही होतं. तू लिही."

ती हसली. "सर, तुम्ही नाही म्हणलात तरी मी लिहीतच होते. चौथी वही चालू आहे."

आता मी त्या पुस्तकाची वाट पाहतो आहे. माझी पिढी पुस्तकाची वाट पाहायची ती आपले दुःख कुणीतरी मांडील म्हणून. या वेळी वाट वेगळी आहे. सकाळी कयाधूच्या काठाने फिरायला जातो तेव्हा जुन्या पडक्या भिंती दिसतात, नव्या इमारतींचे पाये खणलेले दिसतात. तिथे राबणारे हात अजून आपलेच आहेत. मी थांबतो, थोडा वेळ कान देतो. मला काही ऐकू येत नाही. वेसकराचा नातू असूनही मला ऐकू येत नाही, कारण मी इतकी वर्षे ऐकायचेच नाही असे ठरवले होते. त्या पोरीला ऐकू येते आहे. तिची कादंबरी चांगली होईल की फसेल, ते पुस्तक हाती आल्यावर आपण परखडपणे सांगूच. पण चोखोबांच्या शेजारी गाडल्या गेलेल्यांना विठ्ठलाचे नाव घेतल्याशिवाय बोलता यावे, एवढी तरी सोय मराठी कादंबरीत झाली पाहिजे. ती व्हायला सहाशे ऐंशीहून अधिक वर्षे लागली आहेत.